ठशामागचा हात

सोन्याच्या अंगठीच्या आतल्या बाजूला आज तीन खुणा असतात. भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, अंगठी 22 कॅरेटची असेल तर 916 हा शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे व अंक मिळून झालेला सहा जागांचा क्रमांक. तिन्ही खुणा तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत मावतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो एखादा ओरखडा वाटतो. धनत्रयोदशीच्या गर्दीत नागपूरच्या इतवारीतल्या सोने-चांदी ओळीत कुठल्याही काउंटरशी दहा मिनिटे उभे राहून पाहावे. गिऱ्हाईक वजन पाहते, घडणावळीवर घासाघीस करते, दागिना आरशासमोर धरते. तो क्रमांक वाचणारे मात्र विरळाच.

हा क्रमांक हातोडीने मारलेला नसतो, तो फायबर लेझरच्या किरणाने उमटवलेला असतो. जवळच्याच बर्तन ओळीत स्टीलच्या डब्यावर नाव टाकून मिळते तेही आता बहुधा याच किरणाने, आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार सुट्या भागावर नंबर पडतो तोही असाच. धातूवर अक्षर उमटवणे हे एकेकाळी वर्षानुवर्षे शिकायचे काम होते. आता ते टेबलावर मावणाऱ्या यंत्राचे आणि पायाखालच्या पेडलचे काम झाले आहे. मेहनत वाचली याचा आनंदच आहे. पण हाताने कोरणाऱ्याकडे मेहनतीबरोबर एक जबाबदारीही असायची. ती आता कोणाकडे गेली, हे पाहिले पाहिजे.

आधी हा किरण समजून घेऊ. थिओडोर मेमन यांनी 16 मे 1960 रोजी अमेरिकेत कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. चारच वर्षांनी, 1964 मध्ये, बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर तयार झाला. तो तयार करणारे चंद्रकुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1958 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेले. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडे, दगड कापायला आणि कोरायला आजही जगभर त्यांचाच लेझर वापरतात. ट्रॉफीवरची आणि दारावरच्या पाट्यांवरची अक्षरे बरीचशी त्यानेच काढलेली असतात. पण उघड्या धातूपुढे तो अडतो. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, आणि धातू ती आरशासारखी परत फेकतो.

फायबर लेझरची तरंगलांबी त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी, 1.06 मायक्रोमीटरच्या आसपास असते. ती पोलाद बऱ्यापैकी शोषून घेते. हा किरण काचेच्या बारीक तंतूतच जन्मतो. तंतूच्या गाभ्यात यिटर्बियम नावाचे मूलद्रव्य मिसळलेले असते, लहान डायोड त्याला प्रकाश पुरवतात आणि वेटोळे करून ठेवलेल्या त्या तंतूतून एकसुरी, धारदार किरण बाहेर पडतो. यापूर्वी धातूसाठी जे दिव्यावर चालणारे याग लेझर होते त्यांना पाण्याची शीतयंत्रणा लागे आणि दिवे वरचेवर बदलावे लागत. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात, दहा बाय बाराच्या गाळ्यात असले यंत्र पोसणे छोट्या कारागिराला परवडणारे नव्हते. फायबर लेझरला साधा पंखा पुरतो. म्हणूनच तो कारखान्यातून गल्लीत आला.

या यंत्राची सरासरी शक्ती ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही. ती असते 20 वॅट, म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटएवढी. एवढ्या शक्तीने स्टील कसे कोरले जाते? उत्तर स्पंदांत आहे. किरण सलग वाहत नाही, सेकंदाला सुमारे 20 हजार ठिणग्यांत तुटून येतो. एकेक ठिणगी सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढीच टिकते, आणि तेवढ्या क्षणापुरती तिची ताकद 10 किलोवॅटवर जाते, पिठाच्या गिरणीच्या मोटारीहून जास्त. ती सारी केसापेक्षा बारीक ठिपक्यावर पडली की धातूला ती उष्णता आजूबाजूला पसरवायला सवडच मिळत नाही. तेवढा कण वितळतो किंवा वाफ होऊन उडतो. दोन इवलेसे आरसे विजेच्या इशाऱ्यावर थरथरत त्या ठिपक्याला अक्षराच्या वाटेने फिरवतात.

यात तीन निरनिराळी कामे आहेत आणि गिऱ्हाइकाने ती ओळखावीत. हलक्या आचेने स्टील नुसते तापवले की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि काळी, गुळगुळीत, बोटाला न लागणारी खूण उमटते. जरा जोर वाढवला की वरचा थर वितळून खरबरीत होतो, तेच एचिंग. त्याच रेषेवरून किरण पुन्हा पुन्हा फिरवला की धातू उडून खरी खोदाई होते, ती नखाला लागते. कोणते काम कुठे शोभते हे सांगणे कारागिराचे काम आहे. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियमचा अदृश्य पापुद्रा जास्त भाजला तर फाटतो. मग रोज मीठ-पाणी लागणाऱ्या ताटावरचे नाव तांबूस पडू लागते. कल्हई केलेल्या पितळी भांड्यात नाव आतून टाकले तर किरण कल्हईच उडवतो, म्हणून ते बाहेरूनच टाकावे. तांबे आणखी हट्टी. ते प्रकाश परत फेकते, उष्णता चटकन पसरवते, आणि परत फिरलेला किरण यंत्राच्या स्रोतालाही इजा करू शकतो. छिन्नी धरणाऱ्या जुन्या माणसाला पितळ कसे लागते आणि तांबे कसे लागते हे मनगटात कळे. यंत्रावर बसणाऱ्या मुलाला ते आकड्यांत शिकावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी त्याला शिकवणारे कोणी नसते. यंत्र विकणारा एक दुपार थांबतो, चार नमुने काढून दाखवतो आणि निघून जातो.

आमच्या घरी आजीचा पितळी गुंड आहे. त्याच्या गळ्याखाली आजोबांचे नाव, गावाचे नाव आणि 1951 हे साल ठिपक्याठिपक्यांनी घातलेले आहे. ओळ सरळ नाही, शेवटी जागा कमी पडल्याने आकडे दाटीवाटीने बसले आहेत. पण गुंडाच्या आत हात घातला तर बाहेरच्या प्रत्येक ठिपक्याचा बारीक फुगवटा बोटाला लागतो. नाव घालणाऱ्याने किती ठोके मारले ते मोजता येईल. गुंड विदर्भातल्या घराघरांत पाणी भरायला असत, आणि पंगतीला शेजारून मागून आणलेली भांडी परत करताना या नावांवरूनच वाटणी होई. नाव चुकले तर भांडे दुसऱ्याच्या घरी जायचे. म्हणून ठोका मारणारा आधी दोनदा विचारून घेई, कारण पितळेवरचा ठोका पुसता येत नाही.

बर्तन ओळीतल्या एका दुकानात अलीकडे बराच वेळ उभे राहून हे काम पाहिले. मुलाने डबा यंत्राखाली ठेवला, बाजूचे चाक फिरवून डोके खालीवर केले, दोन लाल ठिपके एकमेकांवर आले तेव्हा थांबला. म्हणजे भिंगाचे अंतर जुळले. नाव कुठे पडणार ती लाल चौकट डब्यावर नाचली. पेडल दाबले, बारीक चिरका आवाज आला, पांढरी ठिणगी धावली आणि भाजल्या धातूचा वास सुटला. काम काही सेकंदांत झाले. वेळ लागला तो त्याआधी, संगणकापुढे.

हा वेळ देवनागरीमुळे लागतो, आणि इथे थोडे थांबायला हवे. या यंत्रांवर सर्रास चालणारे ईझीकॅड हे सॉफ्टवेअर आपल्या लिपीचा विचार करून बनवलेले नाही. थेट मराठी टाइप केले की जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. म्हणून कारागीर कोरलड्रॉमध्ये जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये नाव लिहितात, त्याचे वक्ररेषांत रूपांतर करतात आणि ती आकृती यंत्राला देतात. त्यातही एक मेख आहे. आपल्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, म्हणूनच ओळ अखंड दिसते. यंत्र मात्र दोन आकृत्या जिथे एकमेकींवर येतात तो तुकडा रिकामा समजते आणि भरतच नाही. नाव कोरून बाहेर येते तेव्हा अक्षरांच्या माथ्यावर छोटे छोटे कोरे चौकोन उरतात. आधी सगळी अक्षरे एकसंध करून घेतली तरच हे टळते. दुकानातल्या त्या मुलाने हे एका वाक्यात सांगितले: “वेल्ड नाही मारलं तर डोक्यावर खिडक्या पडते ना जी.”

ते चौकोन पाहिले आणि वाकाटकांचे ताम्रपट आठवले. पाचव्या शतकात याच प्रदेशातून, रामटेकजवळच्या नंदिवर्धनासारख्या राजधानीतून, राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांची लिपी पेटिकाशीर्षक म्हणून ओळखली जाते. तिच्या प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक चौकट असते. नागपुरात अध्यापन करणारे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी हे लेख वाचले, लावले आणि 1963 मध्ये वाकाटक लेखांचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या चौकटी चुकून पडलेल्या नव्हत्या. तांब्याच्या पत्र्यावर छिन्नीने, एकेका अक्षराला चार जादा घाव देऊन, जाणून काढलेली ती शोभा होती. आज मराठी नावावर पडणाऱ्या खिडक्या म्हणजे आपल्या लिपीकडे कोणी लक्ष न दिल्याची खूण आहे. हे दुरुस्त करणे अवघड नाही. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. देवनागरीचा एकसंध, कोरण्याजोगा, मोफत फॉन्टसंच आणि तो वापरायचे चार दिवसांचे प्रशिक्षण एवढे काम त्यांपैकी कोणीही हाती घ्यावे. शेकडो छोटी दुकाने त्यांना दुवा देतील.

त्याच प्रशिक्षणात पहिला धडा डोळ्यांचा असावा. फायबर लेझरचा किरण दिसत नाही. जी दिसते ती धातूची ठिणगी, आणि जी लाल चौकट दिसते ती वाट दाखवणारी निराळी, सौम्य बत्ती. खरा किरण अदृश्य असल्याने डोळा मिटण्याची उपजत क्रिया होत नाही. मात्र डोळ्याचे भिंग त्याला नेमके पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, एकवटते. तिथे वेदना जाणवणाऱ्या नसा नाहीत, त्यामुळे भाजले तरी दुखत नाही. पुढे नजरेच्या मधोमध कायमचा डाग दिसू लागतो तेव्हा कळते. ही यंत्रे लेझरच्या चार वर्गांपैकी सर्वांत धोकादायक चौथ्या वर्गात मोडतात. काचेसारख्या चकचकीत भांड्यावरून उसळलेला किरणही इजा करू शकतो. तरी गल्लीबोळांतल्या दुकानांत उघडी यंत्रे चालतात आणि काउंटरवर हनुवटी टेकून लहान मुले ठिणगी पाहत असतात. साधा काळा गॉगल इथे निरुपयोगी आहे. 1064 नॅनोमीटरसाठी प्रमाणित केलेलाच चष्मा लागतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पूर्ण बंदिस्त यंत्र, ज्याचे दार उघडले की किरण आपोआप थांबतो. उघडे यंत्र स्वस्त पडते म्हणून घेतले जाते. धूर ओढून घेणारा पंखाही असाच वगळला जातो. पितळेतून जस्ताचा आणि स्टेनलेस स्टीलमधून क्रोमियमचा धूर निघतो आणि तो दिवसभर त्या मुलाच्या छातीत जातो. ग्राहकांसमोर उघडे यंत्र चालवायला मनाई झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. महापालिका परवाना देताना एवढी एक अट सहज घालू शकते.

आता पुन्हा त्या अंगठीकडे वळू. सोन्याचा कस पाहणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. कसोटी, बावनकशी हे शब्द तिथूनच रोजच्या भाषेत आले आणि नाणी पारखणारा पोतदार आडनावात टिकून राहिला. जुने रुपये हातात घेतले तर त्यांवर सराफांनी मारलेले बारीक ठसे दिसतात. हे नाणे मी पारखले आहे, असे सांगणारी ती त्या सराफाची सही असे. मानक ब्यूरोचे सोन्याचे हॉलमार्किंग 2000 मध्ये सुरू झाले. ते 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि पहिल्या 256 जिल्ह्यांत नागपूर होते. 1 जुलै 2021 पासून सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक आला, आणि 1 एप्रिल 2023 पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी झाली. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला यातून सूट आहे.

लेझर नसता तर हे जमले नसते. प्रत्येक दागिन्याला निराळा क्रमांक द्यायचा म्हणजे प्रत्येकासाठी निराळा ठसा घडवावा लागला असता. शिवाय मंगळसूत्राच्या वाट्या, पोकळ मणी, पातळ पत्र्याची फुले यांवर पोलादी ठसा मारला तर ती चेपतात. किरण धातूला हातच लावत नाही. सोने हा किरण जवळजवळ सगळा परत फेकते, तरी त्या कोटीव्या भागाच्या ठिणगीपुढे तेही नमते. खूण मात्र उथळ राहते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने आणि पॉलिशने ती पुसट होते, आणि दुरुस्तीत सोनाराने तिथे डाग दिला तर जाते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की खूण उमटवणे हे हॉलमार्किंगचे सर्वांत सोपे आणि शेवटचे काम आहे. खरे काम त्याआधी होते. तपासणी केंद्रात आलेल्या दागिन्यांची क्ष-किरणांनी पारख होते. नमुन्याचा कण काढून तो शिसे आणि चांदीबरोबर भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवतात. शिसे आणि हिणकस धातू मुशीत जिरतात, उरलेल्या गोळीतली चांदी नायट्रिक आम्लाने विरघळवतात आणि राहिलेले शुद्ध सोने तोलतात. ही अग्निपरीक्षा झाली असेल तर ती सहा अक्षरे खरी. ती टाळून कोणी थेट यंत्रापाशी गेले तर यंत्राला फरक कळत नाही. तोच क्रमांक दहा दागिन्यांवर उमटवायलाही त्याला अडचण नाही, कारण हेच यंत्र आणि हेच सॉफ्टवेअर बर्तन ओळीतही आहे.

खोटी खूण ही काही लेझरने आणलेली आपत्ती नव्हे. सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या मधुबन ताम्रपटात एका गावाची कथा आली आहे. वामरथ्य नावाचा ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे बनावट ताम्रपटाच्या, जोरावर ते गाव उपभोगत होता. तो पट मोडून गाव दुसऱ्यांना दिल्याचे हर्षाने नव्या पटात नोंदवले आहे. कोरणे अवघड होते त्या काळातही निव्वळ कोरलेल्या अक्षरावर कोणी विसंबत नसे. म्हणून ताम्रपटांना राजमुद्रेचे कडे असे, वाकाटकांच्या पटांत सेनापतीचे नाव येते, आणि काही पटांवर तर अक्षरे कोरणाऱ्या सोनाराचीही नोंद असते. चूक झाली तर कोणाला विचारायचे हे पटावरच लिहिलेले असे.

आजच्या क्रमांकामागेही अशी नोंद आहे. मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये ती सहा अक्षरे टाकली की कोणत्या सराफाने दागिना दिला, कोणत्या केंद्राने आणि कधी तपासला, तो कोणता दागिना आहे आणि शुद्धता किती हे दिसते. हातात अंगठी आहे आणि अ‍ॅप हार दाखवत असेल तर लबाडी तिथेच उघडी पडते. सराफाने दहापट मोठे दाखवणारे भिंग ग्राहकासाठी दुकानात ठेवले पाहिजे असा नियम आहे. जुना, बिनठशाचा दागिना कोणालाही तपासणी केंद्रात नेऊन पारखून घेता येतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरानुसार चार दागिन्यांपर्यंत 200 रुपये लागतात. आणि हॉलमार्क असूनही सोने हिणकस निघाले तर मानक ब्यूरोच्या 2018 च्या नियमांप्रमाणे ग्राहकाला तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. हे हक्क कागदावर चांगले आहेत. ते वापरात यायचे तर भिंग ड्रॉवरमधून काउंटरवर आले पाहिजे आणि बिलावर एचयूआयडी स्वच्छ अक्षरांत छापला गेला पाहिजे. तपासणी केंद्रांवर ब्यूरोची अचानक भेटही नेमाने व्हायला हवी, कारण सारी भिस्त त्या भट्टीवर आहे.

गेल्या दिवाळीत सोने-चांदी ओळीत एका वयस्क बाईंनी नातसुनेसाठी अंगठी निवडली. पैसे देण्याआधी त्या म्हणाल्या, “भाऊ, ते बारीक अक्षर वाचायचं भिंग द्या जी.” दुकानदाराने दोन ड्रॉवर उचकले, भिंग सापडले, रुमालाने पुसून दिले. बाई दिव्याखाली अंगठी फिरवत एकेक अक्षर सांगत गेल्या आणि नातू मोबाइलमध्ये लिहीत गेला. पाचव्या जागी शून्य की ओ यावर दोघे अडले, त्याने दोन्ही करून पाहिले. पडद्यावर अंगठी असे आले, तारीख आली. बाईंनी भिंग परत दिले आणि पिशवीतून पाकीट काढले.